डाव्याक तीन

दहिसर पूर्वेला, नदीच्या अलीकडे, जिथे पूर्वी चाळ होती तिथे आता बावीस मजली टॉवर आहे. त्याच्या नवव्या मजल्यावर परबांचं घर. बिल्डरच्या कागदावर दोन बेडरूम आणि हॉल. प्रत्यक्षात एक हॉल आणि दोन गैरसमज. त्यातल्या मोठ्या गैरसमजात श्रुतिका परब टेबल टाकून बसायची आणि अंधेरीच्या एका कंपनीसाठी लोकांची मॉड्युलर किचनं ड्रॉ करायची. आठवड्यातले तीन दिवस घरून. स्वतःच्या स्वयंपाकघरात फ्रिज उघडायचा तर आधी दार लावून घ्यावं लागायचं, पण तिच्या स्क्रीनवर मुलुंडच्या लोकांसाठी अठरा फुटी ओटे निघायचे.

त्या ओट्यांसाठी म्हणून तिने चौतीस इंची वाइड मॉनिटर घेतला. लांबलचक, मध्ये जरासा वाकलेला. तो आला त्या दिवशी तिच्या नवऱ्याने, सुशांतने, खोक्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, ‘‘हा मॉनिटर आहे की दुकानाचा बोर्ड?’’

‘‘अख्खी भिंत एका नजरेत दिसते,’’ श्रुतिका म्हणाली. ‘‘कामाला लागतो.’’

हे खरं होतं, पण निम्मं. उरलेलं निम्मं टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळलेल्या स्टिअरिंगमध्ये होतं. श्रुतिका रॅली खेळायची. जंगलातून जाणारा अरुंद कच्चा रस्ता, एका वेळी एकच गाडी, स्पर्धा घड्याळाशी. शेजारच्या सीटवर एक सहचालक असतो, तो वळण यायच्या आधी कानात सांगतो: ‘लेफ्ट थ्री’, ‘राइट फाइव्ह’. आकडा लहान तेवढं वळण आवळ. वाइड स्क्रीनवर रस्त्याच्या दोन्ही कडा दिसतात, डोळ्याच्या कोपऱ्यातून झाडं सपासप मागे जातात, आणि दिवसभरात आपल्याला कोणी काही विचारलं नाही, हे चौतीस वर्षांच्या बाईला विसरायला होतं.

घरात तिसरी व्यक्ती म्हणजे सासूबाई, रत्नप्रभा. मूळच्या कुडाळच्या. पंचेचाळीस वर्षं मुंबईत काढून त्यांनी मालवणीतला एक कानाही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. संध्याकाळी सात वाजता त्यांची सीरियल असायची. तीत मालती नावाची सोशिक बाई गेली चार वर्षं घराबाहेर काढली जात होती. दिवाळीच्या साफसफाईत सुशांतने उत्साहाने टीव्ही ओल्या फडक्याने पुसला, आणि टीव्ही गेला. फोनवर त्यांना दिसेना. मग सुशांतने माळ्यावरचा जुना बावीस इंची मॉनिटर काढला, श्रुतिकाच्याच कॉम्प्युटरला दुसरी स्क्रीन म्हणून जोडला, आईला एक वेगळा माउस दिला, आणि मॉनिटरच्या पाठी इअरफोन खुपसून दिले.

‘‘टेम्पररी आहे,’’ तो म्हणाला. परबांच्या घरात टेम्पररी म्हणून आलेली एक बादली गेली पाच वर्षं बाल्कनीत होती.

तर एका टेबलावर दोन स्क्रीन, दोन माउस आणि दोन बायका. कॉम्प्युटर मात्र एक. कटकट तिथून सुरू झाली.

तो कॉम्प्युटर जोडून दिला होता कृणालने. कृणाल श्रुतिकाचा मामेभाऊ, घाटकोपरला भटवाडीत राहायचा. विंडोजला हात लावणार नाही, लिनक्सच घालणार, ही त्याची अट. त्याचं लग्न जमत नव्हतं त्यामागे हेही एक कारण होतं की कांदेपोह्यांच्या वेळीसुद्धा तो हा विषय काढायचा. लिनक्समध्ये खिडकी कुठे उघडायची, पट्टी कुठल्या स्क्रीनवर दाखवायची, आवाज कुठून काढायचा, हे सगळं बघणारं एक खातं असतं. त्याला डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट म्हणतात. श्रुतिका त्याला कारभारी म्हणायची. असे कारभारी अनेक, हवा तो निवडता येतो. कृणालने दिलेला कारभारी दिसायला देखणा होता, पण दोन स्क्रीन बघितल्या की त्याचं डोकं फिरायचं.

एक तर त्याला वाइड स्क्रीनच कळायची नाही. गेम उघडला की मध्ये चौकोनात रस्ता आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे, नाहीतर अख्खं चित्र ताणून गाडी भाकरीसारखी चपटी. ते तिने खटपट करून सोडवलं. पण दुसरी गोष्ट सुटेना. रत्नप्रभाबाईंनी त्यांच्या स्क्रीनवर कुठेही क्लिक केलं की कारभारी समजायचा, मालकीण तिकडे गेली. लगेच तो गेम मिटून खाली पट्टीत ठेवून द्यायचा. श्रुतिका ताशी एकशे तीसने वळणात शिरलेली असायची आणि समोर अचानक वॉलपेपर. वॉलपेपरवर सुशांत, लग्नातला, फेटा घालून. गेम परत वर काढेपर्यंत गाडी ओढ्यात.

‘‘आई, तुम्ही क्लिक केलंत का?’’

‘‘मी काय केलंय? बेल वाजली म्हणान थांबवलंय. दूधवालो इल्लो.’’

‘‘जरा सांगून करत जा ना.’’

‘‘बेल काय सांगान वाजता?’’

सहा वर्षांच्या संसारात या दोघींचं भांडण असं कधी झालं नव्हतं. त्यांचं बोलणंच मुळात दूध, गॅस आणि कामवाली चेतना आज येणार की नाही, एवढ्यापुरतं होतं. आता त्यांना विषय मिळाला होता, तो असा.

एका मंगळवारी तर कहर झाला. ऑफिसची मीटिंग होती, मुलुंडचं एक जोडपं किचन बघायला ऑनलाइन आलं होतं. त्या संध्याकाळी मालतीचा भाग काही खास असणार म्हणून रत्नप्रभाबाई सकाळीच आदल्या दिवशीच्या भागाचं पुनःप्रक्षेपण लावून बसल्या होत्या. श्रुतिकाने ‘स्क्रीन शेअर’ दाबलं. कारभाऱ्याने कुठली स्क्रीन विचारलं, दोन्हींची नावं सारखीच लिहिली, आणि तिने चुकीची निवडली. मुलुंडच्या जोडप्याने ओट्याऐवजी मालतीला तिच्या जावेने श्रीमुखात देताना पाहिलं. बायको म्हणाली, ‘‘हा कालचा भाग ना? माझा चुकला होता, राहू दे जरा.’’

संध्याकाळी श्रुतिकाने कृणालला फोन लावला. रविवारी रॅलीच्या ऑनलाइन लीगची पात्रता फेरी होती. देशोदेशीचे दोनशे लोक, तीन टप्पे, सलग चालवायचे, तिन्हींची वेळ एकत्र. पहिल्या चाळीसांना पुढे जायला मिळणार. टप्पा सुरू झाला की थांबवणं नाही, परत सुरू करणं नाही.

‘‘तू फुलस्क्रीनऐवजी बिनचौकटीच्या खिडकीत चालव ना,’’ कृणाल म्हणाला.

‘‘केलं. मग खालची पट्टी गेमच्या डोक्यावर येऊन बसते. रस्त्याच्या मध्यात मला घड्याळ, वायफाय आणि तारीख दिसते.’’

‘‘मग कारभारी बदल, ताई. दुसरा टाक. तो दोन स्क्रीनना नीट सांभाळतो, क्लिक केलं तरी गेम मिटवत नाही.’’

‘‘हे आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘तो दिसायला जरा गावठी आहे.’’

‘‘कृणाल, मला त्याच्याशी लग्न करायचं नाहीये.’’

शनिवारी दुपारी, सासूबाई झोपलेल्या असताना, तिने नवा कारभारी टाकला. गावठी होता खरा. बटणं जाडजूड, रंग सरकारी कॅलेंडरसारखे. पण त्याने वाइड स्क्रीन पहिल्या फटक्यात ओळखली. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. तिने सासूबाईंचा माउस ओढून त्यांच्या रिकाम्या डेस्कटॉपवर दहा वेळा क्लिक केलं. गेम जागचा हलला नाही. मग तिने त्यांची स्क्रीन बटणाने बंद केली आणि तासभर सराव केला. इंजिन कानात घुमत होतं, सहचालक खणखणीत बोलत होता. तिला इतकं बरं वाटलं की रात्री तिने सुशांतला न मागता आम्लेट करून दिलं. तो संशयाने खात राहिला.

रविवारी पावणेसातला तिने हेडफोन चढवले आणि पहिला टप्पा सुरू केला. मस्त गेला. एकदा मागचं चाक दगडाला लागलं, बाकी स्वच्छ. टप्पा संपला तेव्हा सात वाजायला एक मिनिट होतं. ती बत्तिसावी होती. दोन टप्प्यांमध्ये नव्वद सेकंद मिळतात. तिने बोटं मोडून घेतली, पाणी प्यायलं.

बरोबर त्याच वेळी रत्नप्रभाबाई चहाचा कप घेऊन आल्या. महाएपिसोड होता, एक तासाचा. त्यांनी खुर्ची ओढली, इअरफोन कानात घातले आणि आपल्या स्क्रीनचं बटण दाबलं. दोन्ही स्क्रीन क्षणभर काळ्या झाल्या, परत उजळल्या. त्यांनी माउसने सीरियल लावली, तरी गेम जागेवर होता. श्रुतिकाने सुटकेचा श्वास सोडला.

पाच, चार, तीन असे आकडे समोर पडले, पण त्यांची टिकटिक ऐकू आली नाही. दोन. एक. गाडी सुटली आणि हेडफोनमध्ये शुकशुकाट. इंजिन नाही, खडी नाही, सहचालक नाही.

पहिलं वळण तिने डोळ्यांनी बघून घेतलं, उशिरा, गवतातून. दुसऱ्या वळणाआधी उंचवटा होता. पलीकडे रस्ता कुठे जातो ते सांगणारा माणूस मुका झाला होता.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. ‘‘ह्यो कोण मेलो माझ्या कानात बडबडता?’’

‘‘आई, आत्ता नको.’’

‘‘मालती रडता आणि ह्यो मधीच इंग्रजी बोलता. गाडीचो पण आवाज येता. तुझोच आसा काय तो?’’

श्रुतिकाच्या डोक्यात उजेड पडला. नव्या कारभाऱ्याला सासूबाईंची स्क्रीन पेटल्याबरोबर आवाजाचं नवीन ठिकाण सापडलं होतं, आणि त्याने मोठ्या उत्साहाने सगळा आवाज तिकडे नेऊन ओतला होता. सहचालक रत्नप्रभाबाईंच्या कानात बसून वळणं सांगत होता. सेटिंग उघडायला हात मोकळा नव्हता.

‘‘काय म्हणतोय तो?’’

‘‘माका काय म्हायत.’’

‘‘आई, प्लीज. जे ऐकू येतं ते तसंच बोला. पटकन.’’

त्यांनी इअरफोन बोटाने आत दाबले. मग रत्नप्रभाबाई म्हणाल्या, ‘‘लेफ्ट थ्री.’’

श्रुतिकाने ब्रेक मारला, डावीकडे कापलं. उंचवट्यापलीकडे खरंच डावं वळण होतं आणि त्याच्या तोंडाशी सागवानासारखं सरळसोट झाड.

‘‘राइट फाइव्ह. मगे... लाँग. लेफ्ट फोर. डोन कट.’’

रत्नप्रभाबाईंनी सव्वीस वर्षं कांदिवलीच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंग लाइनवर काढली होती. समोरून खोके सरकत जायचे, त्यांच्यावरचा बॅच नंबर वाचून ओरडायचा, पलीकडची बाई लिहून घ्यायची. मध्ये एक जरी आकडा राहिला तर सुपरवायझर लाइन थांबवायचा. आलेलं ऐकायचं, तसंच्या तसं पुढे टाकायचं आणि त्यावर विचार करत बसायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं. सुनेला यातलं एवढंच माहीत होतं की आई पूर्वी कुठेतरी कामाला होत्या.

‘‘डाव्याक तीन,’’ त्या म्हणाल्या. इंग्रजी जीभ गरम झाल्यावर आपोआप मालवणी झाली होती. ‘‘उजव्याक सहा. उजव्याक चार. डाव्याक दोन, घट्ट होत जाता म्हणता.’’

गाडी रस्त्यावर राहत होती. श्रुतिकाला घाम फुटला होता, पण गाडी रस्त्यावर राहत होती.

‘‘उजव्याक पाच. थांब म्हणता.’’

तिने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी आडवी होऊन रस्त्याच्या मधोमध थांबली. समोर सरळ, मोकळा, निर्धोक रस्ता.

‘‘कोण थांब म्हणतं?’’

‘‘मालतीचो घोव. ती बॅग घेऊन निघाली ना.’’

‘‘आई.’’

‘‘तूच सांगलंस, ऐकू येता ता सगळा बोल.’’

नऊ सेकंद गेले. टप्पा संपला तेव्हा ती त्रेपन्नावी होती. आता परत नव्वद सेकंद. श्रुतिकाने गावठी कारभाऱ्याची आवाजाची यादी उघडली. तिथे एकाखाली एक चार नावं होती, चारही अंक आणि अक्षरांची खिचडी. तिने पहिलं निवडलं. काही नाही. दुसरं निवडलं, तर सासूबाई म्हणाल्या, ‘‘आता मालती पण बंद झाली.’’ तिने घाईने परत होतं तसं केलं. सासूबाईंचे इअरफोन मागून घ्यावेत तर वायर दीड हात, त्यांच्या मॉनिटरच्या पाठीला बांधलेली. ते कानात घालायचे तर तिला त्यांच्या मांडीवर बसून गाडी चालवावी लागली असती. चाळीस सेकंद उरले.

‘‘रवांदे,’’ रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी माउस उचलला आणि मालतीला उंबरठ्यावर, बॅगेसकट, थांबवून ठेवलं. क्लिक झालं, तरी गेम हलला नाही. मग त्यांनी चहाचा कप बाजूला सारला, पदर खोचला आणि खुर्ची श्रुतिकाच्या बाजूला वळवली. ‘‘आता एकटोच बोलात तो. चल.’’

तिसरा टप्पा अकरा किलोमीटरचा होता, एका बाजूला तळं. रत्नप्रभाबाईंचा आवाज एका पट्टीत चालला होता, मध्ये कुठे श्वास घेत होत्या ते कळत नव्हतं. उजव्याक चार. डाव्याक तीन. पूल, अरुंद. उजव्याक सहा, लांब. काही ठिकाणी त्यांना शब्द कळत नव्हता, तिथे त्या नुसता आवाज काढायच्या. ‘‘क्रेस म्हणता, काय ता?’’ पण तोवर श्रुतिकाला पुढे उंचवटा आहे हे समजलेलं असायचं. सात किलोमीटरला तिच्या लक्षात आलं की आपण खांदे खाली सोडलेत.

‘‘डाव्याक पाच. वायच हळू घे.’’

‘‘हे त्याने सांगितलं?’’

‘‘तेना नाय. मीच सांगतंय. पुढे पाणी आसा.’’

श्रुतिकाने हळू घेतलं. गेली सहा वर्षं जेव्हा जेव्हा तिला या घरात कोणी हळू घे म्हटलं होतं तेव्हा तिने उलटच केलं होतं, पण आत्ता वाद घालायला वेळ नव्हता. गाडी तळ्याच्या काठावरून एक चाक हवेत ठेवून गेली.

शेवटची रेघ ओलांडल्यावर दोघी यादीकडे बघत बसल्या. पडद्यावर नावं वरखाली सरकत राहिली. अजून लोक चालवत होते. आठ वाजता यादी गोठली. श्रुतिका परब, अडतीस.

‘‘अडतीस म्हणजे बरां की वायट?’’

‘‘चाळीसपर्यंत घेतात.’’

‘‘मगे बरां,’’ म्हणून रत्नप्रभाबाईंनी मालतीला पुढे चालू केलं. दोन मिनिटांनी, स्क्रीनवरून नजर न काढता, त्या म्हणाल्या, ‘‘तो वळणां सांगणारो मनुष्य चांगलो आसा पण. एकदाय रागावलो नाय.’’

सोमवारी कृणालने एका ओळीची आज्ञा पाठवली. ती टाकल्यावर आवाज आपापल्या कानात राहायला लागला. पुढच्या रविवारी दुसरी फेरी झाली. श्रुतिकाने ती एकटीने, सगळी यंत्रणा चोख असताना, अगदी नियमाप्रमाणे चालवली आणि पाचव्याच मिनिटाला बर्फात गाडी उलटी करून बाहेर पडली. कारभाऱ्याला दोष द्यायला जागा नव्हती. चूक सर्वस्वी तिची होती. तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

रत्नप्रभाबाई शेजारी होत्या. सीरियल केव्हाच संपली होती. ‘‘परत चालू नाय होणा?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही. आता जूनमध्ये.’’

‘‘जूनपर्यंत काय ह्या असाच ठेवतलंस?’’

श्रुतिकाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग ती उठली आणि खुर्ची त्यांच्यासमोर सरकवली. तिने सरावाचा रस्ता लावला, तळ्याचा, घड्याळ बंद करून. रत्नप्रभाबाईंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. त्यांनी स्टिअरिंग कढईच्या कानांसारखं दोन्ही हातांनी धरलं, चप्पल काढून पाय पेडलवर ठेवला, आणि गाडी ताशी बारा किलोमीटरने निघाली. सहचालक बिचारा एक वळण सांगायचा आणि मग बराच वेळ गप्प बसायचा.

त्या समोर बघतच नव्हत्या. मान वळवून स्क्रीनच्या डाव्या टोकाकडे बघत होत्या, जिथे रस्ता संपून शेतं लागत होती. एका लाल लाकडी घरासमोर त्यांनी गाडी थांबवली.

‘‘हय कोण रवता?’’

‘‘कोणी नाही, आई. नुसतं चित्र आहे.’’

‘‘मगे दारात कपडे कोणी वाळत घातल्यान?’’

श्रुतिका खाली वाकून बघायला लागली. घराच्या कडेला दोरी होती, तिच्यावर एक चादर, दोन शर्ट आणि लहान मुलाचे मोजे. या घरावरून ती साठ वेळा तरी एकशे चाळीसच्या वेगाने गेली असेल.

‘‘मघाशी एक विहीर पण गेली,’’ रत्नप्रभाबाई म्हणाल्या. ‘‘गाडी पाठी कशी घेतत, ता सांग.’’